पलटणीचे पाट

टेबलावर मांडून खेळावयाच्या लढाईत प्रेक्षकाचे लक्ष शिपायांच्या रंगीत डगल्यांकडे, तोफांच्या तोंडांकडे आणि फार तर फासे टाकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जाते. ज्या चपट्या पाटावर सबंध तुकडी उभी असते आणि जो एका बोटाने सरकविला की बारा शिपाई एकाच पावलाने पुढे जातात, त्याची दखल कोणी घेत नाही, आणि कोणी घेऊ नये अशीच त्याची बनावट असावी लागते. खेळणारे त्याला मूव्हमेंट ट्रे म्हणतात. आमच्या घरात तो पाटच. भंडाऱ्यास, खांब तलावापासून फार दूर नसलेल्या आमच्या घराच्या मागल्या पडवीत असले पाट बनविण्याचा उद्योग मी निवृत्तीनंतर आरंभिला, आणि वेळ घालविण्यासाठी हाती घेतलेल्या त्या कामाने मला पायदळाच्या कवायतीविषयी जे शिकविले ते इतिहासाच्या पुस्तकांतून मला कधी उमगले नव्हते.

मोजणी खात्याच्या नोकरीत माझी हयात गेली. साखळी धरणे, बुजलेले हद्दीचे दगड शोधून काढणे, पटवाऱ्याच्या दप्तरातला खसऱ्याचा नकाशा आणि शेतातला प्रत्यक्ष बांध यांतील तफावत भांडणाऱ्या दोन भावांच्या समक्ष टिपून घेणे, आणि अखेर कचेरीतल्या लांब टेबलावर अणकुचीदार पेन्सिलीने ती रेषा कायम करणे, हा माझा व्यवसाय. अशा मनुष्याला उतारवयात अर्ध्या मिलिमीटरची चिंता वाहण्यास काही निमित्त लाभले नाही, तर तो घरातली चित्रे ओळंब्यात आहेत की नाहीत हे पाहत हिंडू लागतो आणि घरची माणसे त्रासतात. निमित्त पुरविले ते नागपुरास राहणाऱ्या माझ्या पुतण्याने. त्याला सीताबर्डीची लढाई टेबलावर मांडावयाची होती. थ्रीडी प्रिंटरवर त्याने राळेचे, 15 मिलिमीटर उंचीचे, प्रत्येकी 15 मिलिमीटरच्या चौरस बैठकीवर उभे असे शिपाई छापून घेतले होते, आणि एकेका शिपायाला चिमटीत धरून पुढे सरकविण्यात दोघा खेळाडूंची संध्याकाळ संपते, ही त्याची तक्रार होती. “काका, तुमच्या हाताला माप आहे, एवढे करून द्या,” असे तो म्हणाला, आणि मी होकार देण्यापूर्वीच पट्टी शोधू लागलो.

26 नोव्हेंबर 1817च्या सायंकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललेली ही लढाई आमच्या भागाला परकी नव्हे. भंडारा, पवनी, आंबागड ही सारी ठाणी ज्या भोसल्यांच्या राज्यातली, त्या राज्याचे स्वत्व सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर पणास लागले होते. भोसल्यांच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जेंकिन्स याच्या रक्षणासाठी लेफ्टनंट कर्नल हॉपटन स्कॉट याच्या हाताखाली मद्रासी पायदळाच्या दोन बटालियन, बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या आणि मोजक्या तोफा एवढेच बळ होते, दीड हजारांच्या आतबाहेर. समोर अप्पासाहेब भोसल्यांची फौज त्याच्या दसपटीहून अधिक, आणि तिच्यात भाडोत्री अरबांचे कडवे पायदळ. संख्येचा हा व्यस्त प्रकार पाहून कोणीही विचारील, की मग निकाल उलटा कसा लागला. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक अंश तरी पाटाच्या मापात दडलेला आहे असे माझे मत होत गेले.

एकेक शिपाई हाताने हलविण्याची रीत तशी प्रतिष्ठित आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात जे नियम घालून दिले त्यांत पायदळाचा शिपाई एका खेपेस एक फूट आणि घोडेस्वार दोन फूट चालतो, आणि खेळाडूने ही सारी हलवाहलव घड्याळ लावून, ठरलेल्या मुदतीत उरकावयाची असते. ती दिवाणखान्यातल्या जमिनीवरची लढाई होती आणि तिच्यात गुडघे दुखणे हा नियमांचाच एक भाग असावा. त्याच्या कितीतरी आधी, प्रशियात, 1812 साली थोरल्या राइसविट्झने राजाला युद्धखेळाचे एक टेबल नजर केले होते, आणि त्याच्या मुलाने, तो स्वतः तोफखान्यातला अधिकारी, 1824 साली तो खेळ सुधारून 1:8000 प्रमाणाच्या नकाशावर आणला. त्याच्या खेळात शिपाई मुळी नव्हतेच. बटालियन म्हणजे एक ठोकळा, आणि त्या ठोकळ्याची लांबी म्हणजे नकाशाच्या प्रमाणात त्या बटालियनने खरोखर व्यापलेली जमीन. माझ्या पेशाच्या मनुष्याला हा धाकटा राइसविट्झ जवळचा वाटला तर नवल नाही. पुतण्याला अर्थातच ठोकळे नको होते. त्याला चेहरे, संगिनी आणि लाल डगले हवे होते.

पहिले काम हिशेबाचे. पुतण्याच्या नियमांत एक पुतळा म्हणजे 20 शिपाई. म्हणून सहा-सहांच्या दोन ओळींत उभे राहिलेले बारा पुतळे म्हणजे 240 माणसे. दोन ओळींची पातळ रांग ही त्या काळच्या इंग्रजी पद्धतीच्या पायदळाची खूण, आणि खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या शिपायाला सुमारे 22 इंच जागा लागते. तेव्हा 120 जोड्यांची रांग 220 फुटांची, म्हणजे 67 मीटरांची झाली. टेबलावर तीच रांग 90 मिलिमीटर भरते, म्हणून जमिनीचे प्रमाण सुमारे 1:750. परंतु पुतळ्याच्या उंचीवरून प्रमाण काढले तर ते 1:110च्या आसपास येते. ही विसंगती पाहून पुतण्या ओशाळला, मी मात्र मुळीच विचलित झालो नाही. कालव्याच्या उभ्या छेदात आडवे प्रमाण निराळे आणि उभे प्रमाण दसपट फुगवलेले असते, आणि तो फुगवटा नसता तर पाटबंधारे खात्यातल्या कोणालाही उतार दिसला नसता. खरी खोट खोलीत होती. दोन ओळींची खोली प्रत्यक्षात सहा-सात फुटांपलीकडे नव्हती. पाटाची बाहेरची खोली, दोन्ही कडा आणि थोडी मोकळीक धरून, 37 मिलिमीटर, म्हणजे त्या प्रमाणात 90 फूट. ही खोट कोणताही कारागीर काढू शकत नाही, कारण तीवाचून पुतळा उभाच राहणार नाही. काढता येत नसलेली खोट निदान वाढू देऊ नये, एवढेच त्याच्या हाती असते, आणि म्हणून कडेची रुंदी 3 मिलिमीटरपेक्षा केसभरही अधिक होऊ द्यावयाची नाही हे मी ठरविले.

आता जिन्नस. पाटाला तळ लागतो, कड लागते आणि पुतळा घसरू नये म्हणून पकड लागते. पकड चुंबकाची. फलक रंगविणाऱ्यांकडे रबरी चुंबकाचा पातळ पत्रा मिळतो. त्याचे चौरस कापून पुतळ्यांच्या बैठकीखाली लावले, तर पाटाच्या तळाला लोखंड हवे. कित्येकांस वाटते की दोन्ही बाजूंस चुंबकी रबर लावले तर पकड दुप्पट होईल. तसे होत नाही, कारण त्या रबरात उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे एकाआड एक असतात, आणि पट्ट्यावर पट्टा आला म्हणजे पुतळा आपल्या जागी बसण्याऐवजी कडेला उडी मारून भलत्याच जागी बसतो.

आता भंडारा हे पितळेचे गाव. कासारांच्या भट्ट्या, भांड्यांवरच्या ठोक्यांचा नाद आणि कातरलेल्या पत्र्याचे तुकडे यांना इथे कधी तोटा नव्हता. परंतु पितळेला चुंबक ओळखही देत नाही. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणी, तेही आमच्या उपयोगाचे नाही. जिल्ह्याची धातुसंपत्ती अशी एकामागून एक बाद होत गेल्यावर शेवटी माझ्या कामी आला तो तेलाचा रिकामा पिपा. त्याचा कथील चढविलेला पत्रा पातळ, सपाट करण्यास सोपा, आणि कात्रीने कापला जाणारा. त्याच्या खाली मी सनमायकाचे तुकडे लावले; सुतारखान्यात ते फुकटच पडलेले असतात. एमडीएफचे फळे पुतण्याने आणून दिले होते, पण आषाढ-श्रावणात आमच्या या तलावांच्या मुलखात हवा इतकी ओलसर असते की त्याची कापलेली कड पाणी पिऊन फुगते, आणि अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक सोडलेल्या कामात फुगलेली कड म्हणजे अडकलेला शिपाई. सनमायका फुगत नाही. पत्र्याला आणि सनमायकाला रबरी डिंकाचा पातळ हात द्यावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा, आणि मगच एकदम दाबावा. त्यानंतर तो सुटत नाही आणि सरकवून नीट करण्याची संधीही देत नाही. पत्र्याच्या कापलेल्या धारेला रेड ऑक्साइडचा हात दिला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा चढतो.

कड मात्र मी बांबूची केली, आणि या एका बाबतीत मला स्वतःच्या निवडीचा थोडा अभिमान आहे. लाकडाची इतकी बारीक पट्टी रंध्याखाली तडकते. बुरुडाच्या हातची कामटी मात्र बांबूच्या दोन पेरांमधल्या गुळगुळीत भागातून निघते, तिच्यात गाठ नसते, आणि ओलसर हवेत ती लांबीला वाढत नाही. बुरूड बाईने पहिल्यांदा मागितलेले माप ऐकून, एवढ्या बारीक कामट्यांची टोपली कोणाच्या घरी विणायची आहे, असे विचारले. तिच्या सुरीखालून निघालेली पट्टी मी पॉलिश पेपरवर घासून 3 मिलिमीटरवर आणतो, इतकेच. कडेची उंची बैठकीच्या जाडीइतकीच असावी. त्याहून उंच झाली तर शिपाई एखाद्या हौदात उभे असल्यासारखे दिसतात.

समोरच्या बाजूस कड घालू नये. हे मला कोणी सांगितले नव्हते, ते टेबलावरच कळले. दोन शत्रू-तुकड्या संगिनींनी भिडल्या म्हणजे त्यांचे पाट एकमेकांना टेकतात, आणि दोघांच्याही समोर 3-3 मिलिमीटरची कड असेल तर भिडलेल्या माणसांमध्ये 6 मिलिमीटरचे, म्हणजे आमच्या प्रमाणात 15 फुटांचे अंतर राहते. पंधरा फुटांवरून कोणी कोणाला संगीन मारीत नाही. म्हणून पाटाला मागे आणि दोन्ही बाजूंस कड, समोर फक्त पत्र्याची धार. शिवाय पुतळ्यांच्या बंदुका पुढे आणि बाजूंना आलेल्या असल्याने कोणता पुतळा कोणाशेजारी मावतो हे ठरलेले असते. तेव्हा प्रत्येक बैठकीच्या खाली आणि पाटावरच्या त्याच्या जागी मी एकच क्रमांक टाकला. पुतण्या हसून म्हणाला, “काका, तुम्ही शिपायांचाही सातबारा केला.”

पहिले काही पाट तयार झाले तेव्हा ते मी आमच्या मिस्त्रीला दाखविले. हा मनुष्य पोळ्याच्या आधी महिनाभर लाकडी बैल करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातली मुले जे चाकांच्या पाटावर उभे असलेले लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढीत मिरवितात, ते. उभ्या आकृतीला चालत्या पाटावर तोल देण्याची विद्या ज्याला वंशपरंपरेने अवगत आहे असा दुसरा मनुष्य मला कोठे मिळणार? त्याने पाट उलटा-सुलटा केला, टेबलावर ठेवला, उचलू गेला, आणि उचलेना. तळ इतका सपाट बसला होता की बोट घालण्यास जागाच नव्हती. “साहेब, हे कायचे बनवून राह्यले ते मले समजत नाही, पण नख जाईल एवढी तरी फट ठेवा,” असे म्हणून त्याने मागल्या कडेखालून पटाशीने एक तिरपा छेद घेतला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पाटाला मागून तो छेद असतो, आणि खालून जुन्या बनातीचा तुकडा, म्हणजे टेबलावर ओरखडे पडत नाहीत.

पाटावरची जमीन रंगविण्यात मी जितका वेळ दवडला तितका बहुधा कोणत्याच भागात दवडला नसेल, आणि पुतण्याच्या मते त्याची काही गरज नव्हती. वैनगंगेची वाळू चहाच्या गाळणीतून चाळून, पाण्यात कालवलेल्या फेविकॉलवर पसरली की सुरेख भूमी तयार होते. पण वैनगंगेची वाळू पांढुरकी, चमकणारी, आमच्याकडच्या जुन्या खडकांची, आणि सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची. दख्खनचा काळा पाषाण नागपूरच्या आसपास संपतो आणि भंडाऱ्याकडे येताना भूमीचा स्वभावच बदलतो. 60 किलोमीटरांच्या अंतरात मातीचा रंग पालटलेला ज्याने पाहिला आहे, त्याला पांढऱ्या वाळूवर उभी असलेली सीताबर्डीची पलटण सहन होणार नाही. वाळू काळी रंगविली, वर करड्या रंगाचा कोरडा कुंचला फिरविला.

यानंतर खरी अडचण आली. रांगेत लढणारे पायदळ रांगेत चालत नाही. ते स्तंभात, अरुंद तोंड करून चालते आणि शत्रू बंदुकीच्या टप्प्यात आला म्हणजे पसरते. कवायत शिकलेल्या पलटणीची सारी करामत या पालटात आहे. माझा सहा रुंदीचा पाट जन्मतःच रांग होता. त्याला स्तंभ होता येत नव्हते. म्हणून मी तो मधोमध दुभंगला: तीन-तीन रुंदीचे दोन अर्धे पाट, जोडाच्या बाजूस कड नाही, आणि एकाच्या तळाशी पत्र्याची जीभ, जी दुसऱ्याच्या तळाशी लावलेल्या चुंबकी पट्टीखाली जाते. शेजारी लावले की रांग, मागेपुढे लावले की स्तंभ. खटका बसावा तसे ते जुळतात. हे करताना मला प्रथम नीट कळले, की शंभर यार्डांवर, आमच्या टेबलावर जेमतेम 12 सेंटिमीटरांवर, गोळ्या येत असताना 240 माणसांनी न अडखळता हा पालट करणे यालाच कवायत म्हणत, आणि ज्या सरकारने माणसांना असे 22 इंचांच्या घरांत बसविले त्याच सरकारने पुढे, राज्य खालसा केल्यावर, 1860च्या दशकात आमच्या जिल्ह्याची जमीन आखून क्रमांकांच्या घरांत बसविली. ज्या खात्याचे मीठ मी खाल्ले ते त्याच हाताचे काम.

मद्रासी पलटणीचे पाट असे पुरे झाले आणि भोसल्यांच्या सैन्याची पाळी आली. पुतण्याची अपेक्षा, दोन्ही बाजूंस सारखे पाट. न्याय म्हणजे समानता, हा तरुणांचा समज. पण अरबांना सहा-सहांच्या दोन ओळींत बसविणे म्हणजे त्यांना इंग्रज करणे होय. 27 तारखेच्या सकाळी त्यांनी लहान टेकडी हल्ला करून घेतली, ती रांगेच्या नव्हे तर व्यक्तिगत धाडसाच्या बळावर. आणि पुढे त्यांच्याच दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला तेव्हा त्यांना सावरून धरणारी रांगही नव्हती. त्यांच्यासाठी मी तळ तेवढाच ठेवला, कड मात्र काढून टाकली, धार वेडीवाकडी कापली आणि बारांऐवजी सातच पुतळे, विखुरलेले. नियमांत त्यांना वळण्यास दंड नाही, तसा एकत्र बंदुका झाडण्याचा लाभही नाही. पुतण्याने कुरकुर करीत हे मान्य केले.

घोडदळावर मात्र आमचे जुळले नाही, अद्याप जुळलेले नाही. कंपनीच्या तीन तुकड्यांना पाट आहेत, कारण कॅप्टन फिट्झजेराल्डने त्या सकाळी मैदानातल्या प्रचंड घोडदळावर जी चाल केली ती एकत्र धरलेल्या, पाटावर शोभणाऱ्या स्वारांची होती. भोसल्यांच्या हजारो स्वारांना पाट देण्यास मी नकार दिला आहे. बारगीर, शिलेदार, आपापल्या सरदारामागे आलेली पथके, एकाच हुकमाखाली एका वेळी सरकली असती तर रेसिडेन्सी सकाळीच पडली असती. हल्लाच आपल्या हुकमावाचून झाला असे अप्पासाहेबांनी नंतर जेंकिन्सला कळविले, आणि ते खरे मानले वा खोटे, फौज एका हाताखाली नव्हती एवढे त्यातून दिसतेच. म्हणून आमच्या टेबलावर ते स्वार एकेकटे, चिमटीने, वेल्सच्या जुन्या रीतीने सरकतात. भोसल्यांची बाजू खेळणाऱ्याची पाळी त्यामुळे लांबत जाते, घड्याळाची मुदत संपते, निम्मे घोडे जागचे हलतही नाहीत, आणि समोरचा खेळाडू दरम्यान चहा घेऊन येतो. हा अन्याय आहे असे पुतण्या म्हणतो, आणि गेल्या दिवाळीत त्याने माझ्यासमोर कोरा पत्रा, सनमायका आणि कामट्यांची जुडी ठेवून, किमान सरदारांच्या खासगी पथकांपुरते तरी पाट करून द्यावे असा अर्ज केला. त्या अर्जावर मी अद्याप शेरा मारलेला नाही. सरदारांच्या खास पागेचे स्वार थोडे एकत्र चालत असावेत हे मलाही नाकारता येत नाही; तेव्हा तीन घोड्यांचा, कड नसलेला, एक लहान पाट करून पाहावा इतपत माझे मन वळले आहे.